वॉशिंग्टन चौकातले जडसन चर्च

न्यूयॉर्क शहरातील ग्रीनिच व्हिलेज या जुन्या वस्तीच्या मध्यभागी वॉशिंग्टन चौक नावाचे जे उद्यान आहे, त्याच्या पोटात एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पावशतकापर्यंत पुरलेली हजारो बेवारस प्रेते आजही आहेत, हे तेथील हिरवळीवर पहुडलेल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते की नाही कोण जाणे. परंतु उद्यानाच्या दक्षिण अंगास उभ्या असलेल्या पिवळसर विटांच्या चर्चची हकीकत सांगू पाहणाऱ्याने ते ध्यानात घेतलेले बरे. गोरगरिबांच्या दफनभूमीवर उद्यान झाले, उद्यानाच्या उत्तरेस १८३० नंतर धनिकांच्या तांबड्या विटांच्या हवेल्यांची रांग उभी राहिली, आणि दक्षिणेकडच्या गल्ल्यांतून आधी कृष्णवर्णीयांची व मग इटलीतून आलेल्या मजुरांची दाट वस्ती झाली. या दोन जगांच्या सीमेवर, पण दक्षिणेच्या बाजूस, १८९० साली जडसन मेमोरियल चर्चची कोनशिला बसली आणि तीनएक वर्षांत इमारत उपासनेसाठी खुली झाली.

इमारतीचा आराखडा स्टॅनफर्ड व्हाइट या त्या काळच्या अग्रगण्य स्थापत्यकाराचा. उद्यानाच्या उत्तर टोकाची संगमरवरी कमानही त्याचीच. इटलीतील मध्ययुगीन व प्रबोधनकालीन देवळे त्याने डोळे भरून पाहिली होती, आणि त्यांची आठवण त्याने येथे पिवळ्या रोमन विटा, भाजलेल्या मातीची नक्षीदार कोंदणे आणि बाजूस उभा केलेला दहा मजली चौकोनी मनोरा यांच्या रूपाने जागी ठेवली. उपासनागृहाच्या खिडक्यांतील रंगीत काचा जॉन ला फार्ज याच्या. काचेच्या आतच दुधाळ रंगच्छटा मुरवण्याची कला ज्या मोजक्या अमेरिकन कलावंतांनी सिद्ध केली त्यांत त्याचे स्थान अव्वल आहे, आणि त्याच्या खिडक्यांचा एवढा मोठा संच दुसऱ्या कोणत्या एका वास्तूत क्वचितच आढळेल. बाप्तिस्म्याच्या कुंडामागील संगमरवरी शिल्पपट ऑगस्टस सेंट-गॉडन्सच्या कल्पनेवरून हर्बर्ट ॲडम्सने कोरला. ज्या मोहल्ल्यात एकेका खोलीत कुटुंबेच्या कुटुंबे कोंबलेली होती, तेथे इतक्या नामांकित हातांचे काम कशासाठी, असा प्रश्न तेव्हाही कोणाच्या मनात आला असेल. दरिद्री मनुष्याला भाकरीइतकाच सौंदर्याचाही हक्क आहे, हे त्याचे उत्तर चर्चच्या संस्थापकाने शब्दांत मांडण्याऐवजी बांधूनच दाखवले, असे मला वाटते.

हा संस्थापक एडवर्ड जडसन. चर्चला दिलेले नाव मात्र त्याचे स्वतःचे नसून त्याच्या वडिलांचे, अडोनिरम जडसन यांचे आहे. आणि त्यांची कथा सांगताना मराठी वाचकाच्या ओळखीचे बंदर वाटेत लागते. फेब्रुवारी १८१२ मध्ये अमेरिकेतून परदेशी पाठवलेल्या पहिल्या प्रॉटेस्टंट धर्मप्रसारकांची तुकडी दोन जहाजांनी हिंदुस्थानाकडे निघाली. जडसन आणि त्यांची पत्नी ॲन एका जहाजावर होते. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट दुसऱ्या जहाजावर. कंपनी सरकारला असले पाहुणे नको होते, आणि कलकत्त्यास पोहोचताच सर्वांवर देश सोडण्याचा हुकूम बजावण्यात आला. हॉल व नॉट कसेबसे निसटून फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस आले, गव्हर्नर नेपियन याच्या सहानुभूतीने तेथे तगले, आणि त्यांच्यापासूनच त्या अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ झाला, ज्याने पुढे नगरास शाळा काढल्या, १८४२ साली ‘ज्ञानोदय’ सुरू केले आणि ज्याच्या छायेत रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आपली ख्रिस्ती कीर्तने रचली. जडसन दांपत्य रंगूनला गेले.

जडसन बोस्टनच्या ज्या मंडळाच्या खर्चाने निघाले होते ते काँग्रिगेशनल पंथाचे, म्हणजे अर्भकांना बाप्तिस्मा देणारे. लांबच्या समुद्रप्रवासात पवित्र शास्त्राचा मूळ ग्रीकमधून अभ्यास करता करता जडसन यांची खात्री पटली की समजत्या वयात, स्वेच्छेने, पाण्यात पूर्ण बुडी घेऊन झालेला तोच खरा बाप्तिस्मा. आणि कलकत्त्यास उतरल्यावर त्यांनी सेरामपूरच्या बॅप्टिस्ट पाळकांकडून तो घेतलाही. याचा अर्थ असा की, ज्यांच्या पैशावर आपण आलो त्यांच्याशी परमुलखात, खिशात दमडी नसताना, केवळ विवेकबुद्धीच्या आग्रहाने त्यांनी फारकत घेतली. पुढे पहिल्या ब्रह्मी युद्धात आव्याच्या बंदिखान्यात बेड्या ठोकून घेतलेले महिने, ब्रह्मी भाषेतील संपूर्ण बायबल, ब्रह्मी-इंग्रजी शब्दकोश, दोन पत्नींचे व अनेक अपत्यांचे मृत्यू आणि अखेर १८५० साली बंगालच्या उपसागरात मिळालेली जलसमाधी हे सारे त्यांच्या चरित्रात आहेच. पण या चर्चच्या इतिहासाला उपयोगी पडणारी पुंजी मला त्या कलकत्त्याच्या निर्णयात दिसते.

एडवर्डचा जन्म १८४४ चा, ब्रह्मदेशातील मोलमीनचा. वडील गेले तेव्हा तो पाच वर्षांचा होता, आणि त्याला अमेरिकेला आणले ते त्याच्या सावत्र आईने. लॅटिनचा प्राध्यापक, मग न्यू जर्सीतील एका सुखवस्तू मंडळीचा पाळक, अशी निर्वेध वाटचाल चालू असताना १८८१ साली त्याने न्यूयॉर्कच्या दक्षिण भागातील एक खंगत चाललेले बॅप्टिस्ट चर्च पत्करले. तो काळ असा होता की मजुरांची वस्ती वाढली म्हणजे प्रॉटेस्टंट मंडळ्या आपली जुनी देवळे विकून शहराच्या वरच्या अंगाला, प्रतिष्ठितांच्या शेजारी, नवी बांधीत. एडवर्ड उलट दिशेने निघाला. वडिलांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने त्याने देशभरच्या बॅप्टिस्टांकडून वर्गणी गोळा केली. जॉन रॉकफेलर हा त्या पंथातला सर्वांत मोठा धनिक, त्याचेही साह्य मिळवले. आणि जे उभारले त्यात उपासनागृहाखेरीज मुलांसाठी आसरा, व्यायामशाळा, शिकवणीचे वर्ग आणि उन्हाळ्यात रस्त्यावरच्या तहानलेल्यांसाठी थंड पाण्याचा नळ यांची तजवीज होती. मनोरा व त्याला लागून असलेली इमारत भाड्याने देऊन त्या उत्पन्नावर गरिबांची कामे चालवावीत, हा त्याचा हिशेब. पुढे तेथे हॉटेलच चालले. भक्तीच्या वास्तूला भाड्याच्या उत्पन्नाची जोड देण्यात कोणाला व्यवहाराचा वास येईल. पण गरिबांच्या वर्गणीवर गरिबांचे देऊळ चालत नाही, एवढे त्याने पक्के ओळखले होते.

हिशेब मात्र पुरता जमला नाही. आजूबाजूचे इटालियन कॅथलिक होते. ते पाणी पीत, मुलांना व्यायामशाळेत धाडीत, आणि रविवारी आपल्या कॅथलिक चर्चमध्ये जात. १९१४ साली एडवर्ड वारल्यानंतर चर्च कर्जाच्या आणि ओसाडीच्या सावलीत गेले, तरी त्याही काळात, १९२० नंतर लवकरच, डॉ. एलिनर कॅम्पबेल यांनी तेथे काढलेले आरोग्यकेंद्र या कॅथलिक बायाबापड्यांच्या आणि मुलांच्या औषधपाण्याचा मोठा आधार झाले. धर्मांतराच्या दृष्टीने पाहिले तर एडवर्डचा उद्योग जवळजवळ निष्फळ म्हणावा लागेल. परंतु आपल्या दारात येणारा मनुष्य आपल्या पंथात येणार नाही हे दिसत असूनही दार उघडे ठेवण्याची सवय या वास्तूला लागली, आणि पुढच्या काळात तिच्या हातून जे काही झाले ते या सवयीचेच फळ होय. आपल्याकडे मिशनच्या दवाखान्याविषयी आणि शाळेविषयी कृतज्ञता व संशय हे दोन्ही भाव पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आले आहेत. म्हणून एका धर्मप्रसारकाच्या स्मारकाने धर्मप्रसाराची अट हळूहळू सोडून द्यावी, हा क्रम मराठी वाचकाला विशेष लक्षणीय वाटावा.

ती अट उघडपणे सोडली गेली दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४९ साली रॉबर्ट स्पाइक हा तरुण पाळक आला आणि त्याने विस्कटलेली मंडळी पुन्हा जुळवली. १९५६ साली हॉवर्ड मूडी आला आणि छत्तीस वर्षे राहिला. मूडी टेक्ससचा, युद्धात मरीन दलात लढलेला. त्याने काय केले याची यादी लांब आहे. हेरॉइनच्या व्यसनात बुडालेल्या पोरांना शहराची इस्पितळे दारात उभे करीत नव्हती तेव्हा त्याने त्यांच्यासाठी मदतकेंद्र काढले. १९६१ च्या वसंतात उद्यान खात्याने वॉशिंग्टन चौकात रविवारी जमणाऱ्या लोकगायकांना परवाना नाकारला आणि पोलिसांशी झटापट झाली, तेव्हा तो गायकांच्या बाजूने उभा राहिला. टॅमनी हॉल या जुन्या पक्षयंत्रणेचा म्होरक्या कार्माइन डी-सापिओ याला त्याच्याच पेठेत पाडण्याच्या राजकारणातही तो होता.

बॅप्टिस्टांत बिशप नसतो. प्रत्येक मंडळी स्वयंशासित. पाळक कोण असावा, इमारतीचे काय करावे, हे सभासदांनीच बहुमताने ठरवायचे आणि वरून येणारे फर्मान कोणाचेच नाही. अडोनिरम जडसन यांना कलकत्त्यास जे स्वातंत्र्य व्यक्ती म्हणून घ्यावेसे वाटले, तेच हे सामुदायिक रूपात. दुसऱ्या एखाद्या पंथात मूडीच्या वरिष्ठांनी त्याची बदली कधीच केली असती. गमतीचा भाग असा की, हे चर्च आज अमेरिकन बॅप्टिस्ट आणि युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट या दोन्ही पंथांशी संलग्न आहे, आणि १९५७ साली स्थापन झालेला हा दुसरा पंथ म्हणजे थोरल्या जडसन यांनी ज्यांना सोडले त्या काँग्रिगेशनल मंडळ्यांचा वारस होय. बापाने मोडलेले घर स्मारकाने सांधले म्हणायचे!

कलांचे प्रकरण आरंभी तळघरातून आणि शेजारच्या घरातून सुरू झाले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस जडसन गॅलरी नावाने एक लहानसे दालन उघडले, आणि क्लेस ओल्डेनबर्ग, जिम डाइन, ॲलन कॅप्रो असे पुढे जगप्रसिद्ध झालेले पण तेव्हा कोणी दारात उभे न केलेले चित्रकार तेथे फाटके पुठ्ठे, वर्तमानपत्रे आणि रस्त्यावरचा कचरा यांपासून दृश्ये उभी करू लागले. १९६१ साली ॲल कार्माइन्स हा धर्मशास्त्राचा पदवीधर सहायक पाळक म्हणून आला, आणि नाटक हे त्याचे काम ठरले. मंडळीने त्याला घालून दिलेले नियम दोनच: धार्मिक नाटके करायची नाहीत, आणि एकदा संहिता स्वीकारली की तिच्यातला शब्दही कापायचा नाही. देवळाने नाटकमंडळी पदरी बाळगावी आणि तिला देवाचे नाव घेण्याची मनाई करावी, हे प्रथमदर्शनी विपरीत दिसते; पण प्रचारासाठी वापरली जाणारी कला आणि धर्मांतरासाठी वाटली जाणारी औषधे यांत एकच खोट आहे, हे ज्यांना उमगले होते त्यांना त्यात विपरीत काही नव्हते.

पहिले प्रयोग गायकवृंदाच्या सज्ज्यात झाले. नटांना वेतन नाही, नेपथ्याला पैसा नाही. कार्माइन्सला मात्र पियानो वाजवता येत असे, आणि लवकरच असे आढळले की हा पाळक सांगीतिकांचा विपुल रचनाकार आहे. स्तोत्र, जाझ, सवंग गल्लीगीत, ऑपेरा, काहीही त्याला वर्ज्य नव्हते, आणि लेखिका गर्ट्रूड स्टाइनच्या अर्थाला चकवा देणाऱ्या वाक्यांनाही त्याने चाली लावल्या. नाटककार मारिया इरेने फोर्नेस हिच्याबरोबर १९६५ साली केलेले ‘प्रॉमेनाड’ चार वर्षांनी ब्रॉडवे रस्त्यावरच्या एका नव्या नाट्यगृहात गेले आणि त्या नाट्यगृहालाच नाटकाचे नाव मिळाले. जडसनमध्ये झालेले सारेच चांगले होते असे समजण्याचे कारण नाही. न कापण्याच्या नियमाची किंमत प्रेक्षकांनी अनेक लांबलेल्या संध्याकाळी मोजली असेल. पण ज्या मंचावर फसण्याची मुभा नसते त्यावर नवे काही उगवत नाही, आणि ही मुभा देणारी जागा त्या महागड्या शहरात विरळाच होती.

नृत्याची कथा या सर्वांत भरघोस. संगीतकार रॉबर्ट डन याच्या रचनावर्गात, मर्स कनिंगहॅमच्या नृत्यशाळेत, काही तरुण मुलेमुली नृत्याच्या मुळाशी जाऊन प्रश्न विचारीत होती: कथा नको, भाव नको, वेश नको, पदलालित्यही नको, तर उरते काय? वर्ष संपले तेव्हा आपले काम लोकांपुढे मांडावेसे त्यांना वाटले. प्रतिष्ठित नृत्यगृहाने नकार दिल्यावर इव्हॉन रेनर, स्टीव्ह पॅक्सटन व रूथ एमर्सन कार्माइन्सकडे गेले. त्यांनी काही तुकडे करून दाखवले, आणि कळले असो वा नसो, त्याने जागा दिली. ६ जुलै १९६२ च्या रात्री कमालीच्या उकाड्यात सुमारे तीनशे माणसे उपासनागृहात दाटीवाटीने बसली आणि तीन तासांहून अधिक वेळ चाललेला तो कार्यक्रम आज अमेरिकन नृत्याच्या इतिहासात एका युगाचा आरंभ मानला जातो. डेव्हिड गॉर्डन आणि डेबोरा हेय ही दोघे त्या रात्रीही होती. ट्रिशा ब्राउन आणि लुसिंडा चाइल्ड्स ही नावे लवकरच त्यांच्या जोडीला आली. त्या शरद ऋतूपासून चर्चमध्ये दर आठवड्याला कार्यशाळा भरू लागली. तिला कोणी गुरू नव्हता. निर्णय एकमताने होत, आणि चित्रकार, संगीतकार, कधी न नाचलेले लोकही तिच्यात असत.

त्यांच्या नृत्यात माणसे चालत, धावत, बसत, गाद्या उचलून नेत. जानेवारी १९६३ मध्ये रेनरने बसवलेल्या एका रचनेत बारा जण, नर्तक आणि बिगरनर्तक, बेर्लिओझच्या मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीताच्या गर्जनेवर नुसते धावतात. रांगा फुटतात, वळतात, पुन्हा जुळतात, आणि एवढेच. कथ्थक वा भरतनाट्यम् पाहिलेल्या डोळ्यांना यात नृत्य कोठे, असे वाटणे साहजिक आहे. मला स्वतःला या मंडळींच्या लेखी जाहीरनाम्यांतला विरक्तीचा आवेश काहीसा कर्कश वाटतो. पण सामान्य देहाची सामान्य हालचाल टक लावून पाहण्याजोगी आहे, हे म्हणणे देवळाच्या छपराखाली केले गेले तेव्हा त्याला एक निराळे वजन आले हेही खरे. मंडळीने पुढे उपासनागृहातील जड बाके काढून टाकली आणि लाकडी जमीन मोकळी केली. तेव्हापासून रविवारची उपासना हलत्या खुर्च्यांवर चालते.

कलेच्या स्वातंत्र्याची फौजदारी कसोटी लागली ती नोव्हेंबर १९७० मध्ये. व्हिएतनामच्या युद्धाचा निषेध म्हणून अमेरिकन झेंड्याचा कलाकृतीत वापर करणाऱ्यांवर खटले भरले जात होते. त्याला उत्तर म्हणून फेथ रिंगगोल्ड, जॉन हेंड्रिक्स आणि जाँ तोश यांनी जडसनमध्ये झेंड्याच्या कलाकृतींचे खुले प्रदर्शन भरवले. आरंभाच्या दिवशी रेनरच्या नर्तकांनी विवस्त्र होऊन, गळ्यात झेंडे बांधून नृत्य केले. काही दिवसांतच सरकारी वकिलाच्या लोकांनी प्रदर्शन बंद पाडले आणि तिन्ही आयोजकांना अटक झाली. नग्नतेचा हा प्रकार मला अनाठायी वाटतो, कारण त्याने झेंड्याच्या प्रश्नावरची नजर दुसरीकडेच वळवली. परंतु मंडळीने आपल्या नियमानुसार आत काय दाखवावे याची छाननी केली नाही, आणि टीका होऊ लागल्यावर माघारही घेतली नाही.

याहूनही धाडसाचे काम नाटकाच्या प्रकाशझोतापासून दूर चालले होते. त्या काळी न्यूयॉर्क राज्यात आईचा जीव वाचवण्यापुरताच गर्भपात कायदेशीर होता. पैसेवाल्या बायका परदेशी जात, गरीब बायका स्वयंपाकाच्या टेबलांवर प्राण गमावीत. २२ मे १९६७ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर बातमी आली की मूडी यांच्या पुढाकाराने एकवीस पाळक व रब्बी नावानिशी जाहीर करीत आहेत, की अडचणीत सापडलेल्या कोणाही स्त्रीला आम्ही सल्ला देऊ आणि सुरक्षित वैद्याकडे पाठवू. दूरध्वनी केला की ध्वनिमुद्रित आवाज त्या आठवड्यातल्या पाळकांची नावे सांगे. सल्ल्याला पैसे नाहीत. चर्चच्या प्रशासक आर्लीन कार्मेन या स्वतः गरोदर असल्याचे सोंग घेऊन एकेका डॉक्टरकडे जात, स्वच्छता, वागणूक आणि फी तपासत, आणि मगच त्याचे नाव यादीत चढे. ज्याने बाईशी उद्धटपणा केला वा ठरल्याहून जास्त पैसे मागितले, त्याचे नाव उतरे. गुन्हा करणाऱ्यांनी गुन्ह्याचा दर्जा एवढ्या कसोशीने राखल्याचे उदाहरण विरळा. पाहता पाहता देशभर हजाराहून अधिक धर्मोपदेशक या जाळ्यात आले. १९७० साली न्यूयॉर्कने कायदा बदलला, १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने देशभर. तेव्हा जाळ्याचे काम आटोपले. सर्वोच्च न्यायालयाने आपला तो निर्णय २०२२ साली फिरवल्यावर त्या जुन्या जाळ्याची माहिती पुन्हा शोधली जाऊ लागली.

मूडी आणि कार्मेन नंतर रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या वेश्यांकडे वळले. एक गाडी घेऊन रात्री ते त्यांच्या नाक्यांवर जात, कॉफी देत, पोलिसांत व कोर्टात त्यांची बाजू पाहत, आणि धंदा सोडा असा उपदेश मात्र करीत नसत. एडवर्डच्या पाण्याच्या नळाशी या कॉफीचे नाते सरळ आहे.

१९९२ साली मूडी निवृत्त झाले. मधल्या काळात मनोरा आणि त्याला जोडलेली इमारत न्यूयॉर्क विद्यापीठाकडे गेली होती, आणि १९९९ च्या सुमारास मागच्या बाजूची, जिथे ओल्डेनबर्गने पुठ्ठ्याचे रस्ते उभारले होते ती जागाही विद्यापीठाला विकली गेली. आज तिच्यावर कायद्याच्या विद्याशाखेची इमारत आहे. इतिहासाचा पुरावा विकून इतिहास चालू ठेवणे हा कडू सौदा. तथापि छप्पर गळत असताना रंगीत काचांचा जीर्णोद्धार वर्गणीतून होत नाही, हेही नाकारता येत नाही. डोना शेपर या पाळकांच्या कारकिर्दीत, २००७ पासून, हद्दपारीची टांगती तलवार डोक्यावर असलेल्या स्थलांतरितांचा कैवार हे चर्चचे मुख्य काम झाले: त्यांच्याबरोबर हजेरीच्या कचेरीत जाऊन बसायचे, वकील मिळवून द्यायचा, जामिनाची रक्कम उभी करायची.

२०१८ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने जडसनच्या नृत्यावर मोठे प्रदर्शन भरवले. त्यात छायाचित्रे होती, फिती होत्या, टिपणांचे कागद होते, आणि काही नृत्ये पुन्हा करून दाखवली गेली. चर्चमध्ये मात्र १९९१ पासून हंगामात सोमवारी संध्याकाळी नव्या नर्तकांचे अर्धेकच्चे काम विनामूल्य दाखवले जाते. आधी नाव गाजलेले असावे अशी अट नाही, आणि खुर्च्या भिंतीशी सरकवण्याचे काम जो आधी येईल त्याच्याकडे जाते.